समास

शुक्रवारी दुपारी सोहारमध्ये रस्तेसुद्धा झोपतात.
एसीच्या घरघरीखाली आम्ही दोघी,
मधे ताटाएवढं टेबल, त्यावर पाकीट,
पाकिटावर तहेराच्या अक्षरात चार आकडे: ४४७१.
आत काय आहे ते फक्त तिला माहीत.

तिचा नियम एकच, दाभोळच्या बोलीत:
"काय दिसतां तां सांग, बाय.
काय हाय तां नको सांगू."

मला हा नियम नवा नाही.
नऊ वर्षं सोनोग्राफीच्या अंधारात बसते मी,
राखाडीतून राखाडी वेगळी करते.
कडा स्पष्ट, लिहिते. आत द्रव, लिहिते.
अठरा बाय बावीस मिलिमीटर, लिहिते.
नाव डॉक्टर देतात.
टेबलावर आडवी झालेली बाई माझ्या तोंडाकडे बघत राहते
आणि तोंडाला मी शिकवून ठेवलंय
गप्प कसं राहायचं.

इथे मात्र पेन टेकवताच मन पुढे धावतं.
पहिली रेघ हाताची:
वाकते, फुगते, वर जाऊन अचानक टोकदार होते.
गार. पिवळट. पोकळ,
म्हणजे नख मारलं तर वाजेल असं पोकळ.
एवढ्यात आतून कुणीतरी ओरडतं, बारव!
जिंतूरची बारव, पायऱ्या, शेवाळ,
नववीतली मी, चपला हातात,
इतकं सगळं एका 'पोकळ'वरून.
मन म्हणजे गावातला तो गृहस्थ,
अर्धा पत्ता ऐकून निघतो,
भलत्याच घरी पोचतो
आणि तिथे चहासुद्धा पिऊन येतो.

अशांसाठीच उजवीकडे समास आखलाय.
बारव तिथे लिहायची. खोडायची नाही,
खोडलं की जास्तच दिसते.
नुसती बसवून ठेवायची,
पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकासारखी:
इथे थांबा, आत येऊ नका.

पुन्हा पेन.
वाकडी चोच. वर काहीतरी बसतं आणि उठतं.
झाकण? झाकण हे नाव झालं. समासात.
मग कुठूनसं जिभेवर खारट.
समुद्र, मन म्हणालं. समुद्र समासात.
तरी खारट उरलंच.
कोमट.

तहेराने पाकीट फाडलं.
सुपरमार्केटच्या पत्रकातून कापलेली कॉफीची सुरई,
इथे दल्ला म्हणतात, पितळी, चोचवाली,
पाच रियाल नऊशे बैसा, ऑफर शनिवारपर्यंत.
लाल पेनाने ती खुणा करत गेली.
वाक बरोबर. गार बरोबर. पोकळ, पिवळट, चोच.
'खारट'पाशी पेन थांबलं.

"पाकीट चिकटवताना रडत होतीस?"
निघून गेलं तोंडातून.
नऊ वर्षांत मी केलेलं पहिलं निदान.

ती खो खो हसली.
"काय तरीच! बांगड्यांना मीठ लावत व्हते मी,
त्याच हातानी चिकटवलां."
आणि 'खारट'वरही बरोबरची खूण केली,
परीक्षेत एखाद्याला ढकलपास करावं तशी.
मी हसले. बारवेसारखंच झालं म्हणाले,
पुन्हा चुकीच्या घरी.

रात्री उद्याचा डबा बघायला फ्रीज उघडला.
अंडी. लबानची बाटली. अर्धं लिंबू. कोबी.
बांगडा नव्हता.
सिंकला वास नव्हता,
कचऱ्याच्या पिशवीत कांद्याची सालं होती आणि
सुरई कापून उरलेलं पत्रक.

तिच्या खोलीच्या दाराखाली उजेडाची फट,
पिवळट, बोटभर रुंद, कडा स्पष्ट.
आत फोन सुरू असावा,
आवाज एकाही माणसाचा नाही.

मी दारापर्यंत गेले. हात वर केला.
एक नाव आलं होतं, अगदी पूर्ण, मुक्कामाच्या पत्त्यासकट.
ते समासात बसवलं
आणि मागे फिरून चहा ठेवला,
दोन कप,
भांड्याचा जरा आवाज होऊ देत.