मुद्देमाल क्रमांक सात

लाखेचं सील फोडलं.
आत जुन्या पंचांगाच्या पानांत गुंडाळलेल्या
आठ बांगड्या, एक फणी
आणि बुद्धिबळातला हत्ती. एकच.
बाकीचा डाव कुठे गेला
ते पंचनाम्यात नाही.
जप्तीचं ठिकाण भुलेश्वर, दुसरा मजला, मागची खोली.

कालिन्याच्या या प्रयोगशाळेत
अकरा वर्षं मी हेच बघते:
हाड की प्लास्टिक, प्लास्टिक की दात,
दात असेल तर कुणाचा.
कानशीने घासलं की वास येतो
दाताच्या दवाखान्यातला.
आडव्या छेदात रेषा दिसतात, सुपाच्या विणीसारख्या,
त्या एकमेकींना कापतात तो कोन मोजायचा.
नव्वदच्या आत राहिला
तर तो बर्फाखालचा, केसाळ, केव्हाच संपलेला;
त्याची केस उभी राहत नाही.
एकशे पंधराच्या वर गेला तर आपला.

विमान उतरताना सूक्ष्मदर्शक थरथरतो.
मी हात आवरते
रेषा जागेवर येईपर्यंत.
म्हणतात, त्याला तळपायांतून ऐकू येतं
कोसभर लांबचं.

दुपारी दोडामार्गहून फोन.
बाबा इतकं हळू बोलतात
जसा काही तो अजून खळ्यातच उभा आहे.
"राती इलो होतो गो. केळी सपाट केल्यान.
माडाचो कोंब तेवढो खाल्ल्यान, बाकी टाकून गेलो."
मग जरा थांबून,
"बाबल्यान तारेक करंट सोडल्यान हा."

काढायला सांगा त्याला, मी म्हणाले.
"सांगलंय. तो म्हणता,
मुंबयत बसान सांगूक काय जाता.
तुझ्या चेडवाक पगार गावता,
माझो पगार म्हणजे ही केळी."

यावर मला काही सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.

बुद्धिबळ मला बाबांनीच शिकवलं, पडवीत,
सारवलेल्या जमिनीवर खडूने पट आखून.
उंट तिरका, घोडा अडीच घरं,
हत्ती सरळ,
पण मध्ये कुणी नसेल तर.

मध्ये आता धरण आहे, कालवा आहे,
रबराच्या रांगा, अननसाचे मळे,
माझ्या चुलत्याचं नवं घर आहे, गुलाबी रंगाचं,
ज्याच्या वास्तुशांतीला मी दोन दिवस रजा काढून
पुरणपोळी जेवून आले.
तो चालतो तसाच, सरळ.
त्याच्या आईच्या पायांना ही वाट पाठ होती.

कोन भरला एकशे एकवीस.
रकान्यात लिहिलं: आशियाई किंवा आफ्रिकी, नक्की सांगता येत नाही.
वय सांगता येत नाही.
नर असावा, हे विचारलेलं नाही.

काचेवर ठेवलेला पावणेदोन इंची हत्ती
पुन्हा थरथरायला लागला.
सवयीने मी हात उचलला, थांबले,
वर बघितलं.

विमान नव्हतं.
टेबलावर फोन वाजत होता, आवाज बंद केलेला.
गावचा नंबर.