सव्वीस पिना

पहाटे साडेचार. ड्रेस्डेनच्या बस स्थानकात
अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात
(आम्ही दोघं एका आरशात मावतो ते इथेच)
मी तेक्लेचा अंबाडा घालतोय.
सव्वीस पिना.
इरमाचं अठरात भागलं असतं.
इरमा नेपल्सला, कुणाच्या तरी वडिलांना
भरवते, पुसते, औषधं देते,
आणि रात्री फोनवरून मला शिकवते:
आधी पाणी, मग पीळ,
पीळ सैल पडला की सगळं मुसळ केरात.

रुस्तावीच्या कारखान्यात मी वेल्डिंग करतो.
लोखंडाला लोखंड जोडणं सोपं.
ते मान हलवत नाही, दुखतंय म्हणत नाही.
बुटांच्या फिती दात साफ करायच्या दोऱ्याने शिवल्यात,
साधा दोरा उडीत तुटतो.
नवे बूट पायरीवर आपटून मऊ करावे लागतात.
पगाराचा पाचवा हिस्सा दगडावर आपटताना
हात कचरतो. मी डोळे मिटून आपटतो.

दाराशी एक बाई तिच्या छातीवर आकडा लावते.
सत्तेचाळीस.
चांगला आकडा आहे का गं?
आकडा आहे, ती म्हणते, आणि आत जाते.

मग कॉरिडॉर. वीस खुर्च्या, साठ आईबाप,
एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही.
भिंतीपलीकडे पियानो.
तो थांबला की सगळ्यांच्या हातातले कप थांबतात.
माझ्या शेजारचा फिनिश बाप मोजे विणतोय.
या दौऱ्यातलं सातवं शहर, बोटांवर सांगतो,
आणि मोज्यांचा चौथा जोड.

इरमाची मिनीबस गेली त्या दिवशी
खिडकीचा कठडा तेक्लेच्या कपाळाला लागायचा.
रस्ता दिसावा म्हणून ती चवड्यांवर उभी राहिली
आणि मग टाचा टेकवल्याच नाहीत.
असं मी लोकांना सांगतो.
खरं म्हणजे शेजारच्या झुराबच्या पोरीसोबत
फुकटच्या वर्गाला गेली होती.
तिथे हीटर चालू असायचा.

सव्वाअकराला एक माणूस दारावर कागद चिकटवतो.
वर जर्मन ओळ, खाली आकडे.
मी वरून खाली वाचतो, खालून वर वाचतो.
सत्तेचाळीस नाही.

जीव भांड्यात पडला.
हो, भांड्यातच. खोटं कशाला बोलू?
एका क्षणात मी परतीचं विमान पकडलं,
जिना चढलो, स्वयंपाकघराचा दिवा लावला,
टेबलावर दोन ताटल्या मांडल्या. दोन.
तेक्लेने दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि मी ओरडलोसुद्धा.

मग तिच्या पायाची बोटं आठवली.
रात्री बादलीत बुडवते ती.
तोंड लपवायला जागा हवी होती,
नव्हती, तर मी खिडकीकडे गेलो.

फिनिश बाप मागोमाग आला. भुवयांनी विचारलं, किती?
मी हवेत चार काढला, सात काढला, मान हलवली.
त्याने मला दंडाला धरून कागदापाशी नेलं.
वरच्या जर्मन ओळीवर बोट ठेवलं
आणि मग त्याच बोटाने
रस्त्याकडचं दार दाखवलं.
हे जाणारे.
नसलेले, राहिलेले.

नंतर बोट खाली सरकलं, तेरावर थांबलं,
त्याच्या स्वतःच्या छातीवर आलं.

मला त्याच्या भाषेत एकच शब्द येतो, तोही मोज्यांचा,
त्यानेच सकाळी शिकवलेला.
तो मी म्हणालो नाही.
त्याने विणकाम गुंडाळलं, टाके गळू न देता,
आणि कोट शोधायला गेला.

दार उघडलं. तेक्ले पाणी प्यायला बाहेर,
मान घामाने चमकणारी.
माझ्याकडे न बघता म्हणाली, दुसरे बूट.
मी दिले.
कानामागे एक बट सुटली होती.
हात पुढे केला तोवर ती आत.

इरमाला लिहितोय:
सत्तावीस लागतात.