उलटा फेरा

मे महिन्यात टेकडी पाचलाच जागी असते,
म्हणजे झोपलेलीच नसते.
कातळानं रात्रभर धरून ठेवलेली ऊब
बुटाच्या तळव्यातून वर येते,
भाकऱ्या संपल्यावरही तवा असतो, तशी.

तीन वर्षं मी एकाच दिशेनं पळते आहे.
गोखलेनगरच्या अंगानं चढ,
खाणीला डावी घालून वळसा,
वेताळबाबा,
मग गिरिपुष्पाच्या वाळक्या काड्यांतून
मुरमावर घसरत, ब्रेक लावत खाली.
मी म्हणते साडेआठ किलोमीटर,
घड्याळ म्हणतं आठ पूर्णांक सहा.
त्याचं माझं भांडण तेवढंच.

आज गुडघ्यामुळे उलटी निघाले.
चढ उतरायचा आणि उतार चढायचा,
फिजिओच्या मुलीनं सांगितलं होतं,
पुडा आहे, कुठल्याही टोकानं सोडा,
अशा सुरात.

दुसऱ्याच वळणावर लक्षात आलं,
या टेकडीवरची माणसं मला फक्त पाठीमागून ठाऊक आहेत.
डावा खांदा उतरलेली एक,
घामाचा रोज नवा जिल्हा उमटणारी एक,
केसांना रबर नसून पेन खोचलेली एक.
आज एकेकीला चेहरा फुटत गेला.
उतरल्या खांद्याला मिशा आहेत!
चांगल्या भरघोस, पोस्टमास्तरला शोभतील अशा.
आणि ज्या दोघींना मी मायलेकी समजत होते
त्या एकाच वयाच्या निघाल्या, आणि भांडत होत्या,
आमरसात दूध घालतात का, यावरून.

सगळे माझ्याकडे असे बघत होते
की मी लग्नात जेवून मग अक्षता टाकायला आलेय.
'चुकलात का?' मिशांनी विचारलं.
'नाही,' मी म्हणाले,
तोवर ते मागे पडले होते,
पुन्हा नुसती पाठ झाले होते.

खाणीच्या तळाशी पाणी उरलंय जेमतेम,
परातीत पाय बुडवून बसावं, एवढं.
टिटवी आपलं अंडं सोडून
भलतीकडेच ओरडत धावत होती,
इथे नाही, इथे नाही, तिथे बघा.
तिचीही वाट उलटीच, म्हटलं.
वेताळाला उजवी घालून मी थबकले.
ही प्रदक्षिणा धरतात का वजा करतात?
शेंदरावर एक मुंगळा चढत होता
त्यालाही दिशेचं काही नव्हतं.

खरं सांगायचं तर
मी एकाच चेहऱ्याची वाट पाहत होते.
हिरवा बनियन, मानेखाली उसवलेली शिवण.
नोकरी गेली त्या मार्चमध्ये
त्या उसवलेल्या दोन इंचांवर डोळे खिळवून
मी पहिल्यांदा न थांबता वर आले होते.
नाव माहीत नाही. आवाज माहीत नाही.
आज समोरून येणार म्हणून
गालावरचं मीठ पुसलं,
ओढणी नव्हती, तरी खांदा सारखा केला.

पंचवटीची धार लागली. आला नाही.
पुढे चाळीस पावलांवर
सालईच्या सावलीतून एक हिरवं निघालं,
माझ्याच दिशेनं पळत.
पाठ.
शिवण आता शिवलेली,
पांढऱ्या दोऱ्यानं, हिरव्यावर,
कुणीतरी घाईत किंवा स्वतःच, आरशात बघून.
त्याचाही गुडघा दुखत असेल का?
वेग वाढवावा का?
वाढवला, पंधरा पावलं.
मग गुडघा म्हणाला, बाई.

खालच्या आळ्यांपाशी हुसेन तांबोळी होता,
पाच-पाच लिटरचे दोन कॅन वर आणलेले,
बहाव्याच्या हातभर रोपापुढे ओणवा.
हा माणूस कुठल्याच दिशेचा नाही,
कॅन रिकामे झाले की परत जातो.
पाणी तो असं सोडतो
की मातीला आवाज करायला उसंत मिळावी.

मी जवळून गेले.
त्यानं मान वर केली नाही.
'आज वरनं आलात,' म्हणाला,
'आणि लेस बदललीत.'