एकवीसशे चाळीस

मार्चच्या पाच तारखेला मोटारसायकलचा छत्तिसावा हप्ता कटला
आणि एप्रिलच्या पाच तारखेला काहीच कटलं नाही.
मी मोबाईल दोनदा हलवून पाहिला.
बँकेचा मेसेज नाही. रेंज तर होती.

रात्री हिशोबाच्या वहीत
(वही म्हणजे पाइप कंपनीने फुकट वाटलेली मागच्या सालची डायरी)
चारुलताने दूध, गॅस, किराणा, वीज, फी, भिशी लिहून
खाली रेघ मारली
आणि रेघेखाली पहिल्यांदाच काहीतरी उरलं.
एकवीसशे चाळीस.
तिने बेरीज पुन्हा केली, उलटी, खालून वर.
तेवढेच.

आमच्याकडे पैसा येतो तो नाव घेऊनच येतो,
दूधवाल्याचा, शाळेचा, भिशीचा.
हा पहिलाच बिननावाचा,
चुकून आलेल्या पाहुण्यासारखा
उंबऱ्यात चप्पल न काढता उभा.

पिंप्राळ्यात एप्रिलात रात्री दहालाही भिंतीला पाठ टेकवत नाही.
गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं, चटया टाकल्या,
आमच्याच कारखान्यातल्या, काठ वाकडा गेला
म्हणून मला स्वस्तात मिळालेल्या,
आणि बसलो पैसे खर्च करायला.

हर्षाली म्हणाली, अभ्यासिका. महिन्याला सातशे.
तिथे कोणी "जरा दार उघड गं" म्हणत नाही.
लोकेशला बूट हवेत, खिळ्यांचे.
आई म्हणाली, "मले काय पाह्यजे? काहीच नाही.
फक्त त्या कूलरचं गवत बदला,
दोन सालापासून वारा कमी, वासच जास्त."
साल्याचा फोन आला, त्याला कुठून कळलं देव जाणे,
"दाजी, एसआयपी!"
आणि शेजारच्या मशीनवरचा सपकाळे दुपारीच बोलला होता,
"जळगावात राहून सोनं घेत नाही तू,
म्हणजे तापीकाठी राहून पारोसा."

मी माझं सांगितलं नाही.
तीन हिवाळे मी दुसऱ्यांच्या मळ्यात भरीत खाल्लं,
बोटं चाटून, वर्गणी न देता.
एकदा वांगी माझी, तेल माझं,
कपाशीच्या काड्यांचा जाळ माझा, असं वाटतं.
पण एप्रिलात भरिताची गोष्ट काढायची कशी?

अर्ध्या तासात आम्ही त्या एकवीसशे चाळीसमधून
अकरा हजार खर्च केले.
कोणी भांडलं नाही.
इतके श्रीमंत आम्ही लग्नातही नव्हतो.

चारुलताला विचारलं तेव्हा ती दाताने पिन उघडत होती.
पिन केसात खोचून म्हणाली,
"पहिला महिना राहू द्या तसेच.
अठ्ठावीस तारखेला डब्यात पैसे कसे दिसतात
ते एकदा बघायचंय मला."

खाली कोणाच्या तरी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.
मला आठवलं,
महिनाअखेर ती किराणा दुकानात लोकेशला पाठवते,
"वहीत लिहायला सांग" म्हणते,
स्वतः जात नाही.
इतकी वर्षं मला वाटायचं, तिला ऊन बाधतं.

पैसे रव्याच्या डब्यात गेले.
एकोणीसला कूलरची मोटार जळाली. चारशे तीस.
आणि उघडलाच आहे तर गवतही, दोनशे वीस.
"मी तर काही म्हटलंच नव्हतं," आई म्हणाली
आणि खाट कूलरसमोर ओढून घेतली.

हर्षालीने पुन्हा विचारलं नाही.
मे महिन्याच्या पानावर मी 'अभ्यासिका ७००' लिहून ठेवलंय,
पेन्सिलीने.
बुटांचं अजून कुठेच लिहिलेलं नाही.

अठ्ठावीसला दुसरी पाळी संपवून आलो
तर स्वयंपाकघरात दिवा,
डब्याचं झाकण ओट्यावर उलटं.
चौदाशे नव्वद.
मोजत नव्हती ती, नुसती पाहत होती,
साय धरली का पाहावं तशी.

मला पाहून झाकण लावलं.
"हात धुऊन घ्या," म्हणाली, "शेवभाजी केलीय.
शेव आणायला आज मीच गेले होते."