खिडकी नसलेली खोली

बेलापूरच्या जेट्टीवर सकाळी साडेनवाला
बॅगेला नवी चाकं होती आणि मला नवी चप्पल चावत होती.
वैजूने तिकिटं काढलेली, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून.
तीन रात्री, जेवणखाण धरून.
'धरून' हा शब्द ह्यांनी मोठ्याने वाचला.

जहाज पलीकडच्या बंदरात. तिथवर न्यायला छोटी बोट.
दिवाळ्याच्या धक्क्यावर कुणी जाळं झटकत होतं,
मी हात केला.
त्याने बघितलं, ओळखलं नाही.
वाटलं असेल, टॉवरमधलं कुणीतरी चाललंय हवा खायला.

आबांच्या होडीत मी कधी चढले नाही.
चढू नको, असं कुणी म्हणालंही नाही.
फक्त माझ्यासाठी टोपली तयार असायची
आणि होडी भावासाठी.

हे सव्वीस वर्षं न्हावा-शेवाला,
क्रेनच्या काचेच्या खोक्यात, दहा मजले वर.
किती जहाजं रिकामी केली, मोजदाद नाही.
एकावरही पाय ठेवला नाही.
पायांखालच्या काचेतून खलाशी मुंगीएवढे दिसायचे,
एखादा हात करायचा,
हे भोंगा द्यायचे.
तेवढीच ओळख.

मग ते समोर आलं. पांढरं.
मान मागे नेली, आणखी मागे, पदर घसरला खांद्यावरून.
"एवढं तरंगतं कसं गो," हेच म्हणाले आधी.
मग सावरून, "कंटेनरचं याहून लांब असतं,"
आणि जरा वेळाने,
"त्याला खिडक्या नसतात पण."

आमच्या खोलीलाही नव्हती.
पाचवा मजला. पलंगामागे छानसा पडदा,
सरकवला तर भिंत.
मी दोनदा सरकवून बघितला.

वर, उघड्यावर, पोहायचं तळं.
समुद्रावर तळं!
वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं.
गोडं, आणि दवाखान्यासारखा वास.
"लोक बघतायत," हे म्हणाले,
पण ते स्वतः कठड्याचे वेल्ड चाचपत फिरत होते,
जिने मोजत, कुलुपं वाचत,
नारिंगी जाकिटाची शिट्टी खरंच वाजते का बघत.
वाजली.
एक बाई दचकून उठली खुर्चीतून.

दुपारी ताटात मासा. पांढरा, काट्याशिवाय.
वाढणाऱ्या पोराला विचारलं, कुठला रे?
"फ्रीजरचा, आंटी."
बावीस वर्षं मी बाजारात बसले,
कल्ला उचलून दाखवल्याशिवाय
कुणी माझ्याकडून जिताडा घेतला नाही.
या माशाला डोकंच नव्हतं.
खाल्ला. बरा होता, लिंबू पिळल्यावर.

साडेपाचला सुटायचं ते नऊला सुटलं.
हे डाव्या कठड्याला, माझा हात धरून,
तीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा.
काळोखात क्रेनचे दिवे, ओळीने.
"ती चौथी. माझी."
"आता कोण असेल वर?"
"असेल कुणी पोरगा."
त्यांनी हात वर केला, थोडा वेळ तसाच ठेवला,
मग चष्मा पुसायला खाली घेतला.
इतक्या लांबून आम्ही मुंगीएवढेही नव्हतो.
क्रेनच्या मागे कुठेतरी बेलापूरचा डोंगर,
खाली आमचं घर, गॅस बंद केलाय ना,
आणि दिवाळ्याचा एकच दिवा, की मलाच तसं वाटलं.

खोलीत दिवा मालवला.
असला गच्च अंधार आमच्या सेक्टरमध्ये आता मिळत नाही.
"कुठवर आलो असू?" ह्यांचा आवाज.
बाहेर बघायची सोय नाही.
आबा म्हणायचे, पाण्याला काय बघायचं, बुडाला विचार.
मी पाठ नीट टेकवली गादीला.
बराच वेळ नुसतं इंजिन,
बाजूच्या खोलीतलं हसणं, नळ.
मग खालून एक लांब, जाड हेलकावा आला,
कसलीच घाई नसलेला.
खाडीचा नव्हे.

"खाडी सुटली," मी म्हणाले.
"तुला कसं कळलं?"
सांगायला बसले असते तर उजाडलं असतं.
"झोपा," म्हटलं,
"उद्या वरच्या मजल्यावर मी अनवाणी फिरणारे."