शेवटच्या पायरीपासून

धनकवडीत, शेवटच्या स्टॉपच्या अलीकडे,
खाली पिठाची गिरणी, वर आम्ही.
दुपारी साडेतीनला दळण सुरू होतं
आणि आमच्या फरशीला हुडहुडी भरते.
ओजस तेव्हा चप्पल काढून उभा राहतो,
तळव्यांनी ऐकतो.
मी वहीत लिहिलं होतं : कामात लक्ष नाही.

वहीत तीन रकाने.
आधी काय झालं. त्यानं काय केलं. मग काय झालं.
मधला रकाना सगळ्यांनाच दिसतो :
चावला, किंचाळला, ठोकळे भिरकावले.
शाळेतून चिठ्ठी येते ती मधल्याच रकान्याची,
लाल शाईत.
पहिल्यासाठी मात्र जमिनीवर बसावं लागतं,
गुडघ्यांना मुंग्या येईपर्यंत.
आधी : मिक्सर.
आधी : बाबांची बॅग, दाराशी.
आधी : काहीच नाही.
हे शेवटचं मी तीनदा लिहून तीनदा खोडलं.

त्याची आई, वैजयंता बोऱ्हाडे,
मार्केट यार्डात भुसार गाळ्यावर आवक-जावक लिहिते.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
"राजगिऱ्याच्या वडीसाठी नाचवणार का त्याला?
माकडवाल्यासारखं?"
मी पाठ केलेलं उत्तर दिलं.
शांतपणे ऐकून ती म्हणाली, "बरं."
त्या 'बरं'ला माझ्या वहीत रकाना नव्हता.

मोजे घालायला आम्ही उलटीकडून शिकवतो.
घोट्यापर्यंत मी चढवते,
शेवटचं ओढणं तेवढं त्याचं.
म्हणजे रोजचं काम पुरं होतं ते त्याच्या हातून.
मग टाच त्याची. मग चवडा.
माझा हात त्याच्या हातावर,
काही दिवसांनी मनगटावर,
मग कोपराला नुसता टेकलेला,
मग हवेत.
हवेतला हात सांभाळणं सगळ्यात अवघड,
तो आपोआप खाली येऊ बघतो.
अकरा आठवडे. दोन मोजे.

फळ्यावर एक ध्येय होतं :
डोळ्यांत बघणे, पाचपैकी चार वेळा.
तो माझ्या कानातल्यांकडे बघायचा.
एकदा हनुवटी धरून मी त्याचं तोंड वळवलं.
त्यानं बघितलं. वडी मिळाली. मी बरोबरची खूण केली.
ध्येय पुढे मी पुसून टाकलं.
खूण वहीत आहे अजून, निळ्या पेनाची,
चांगली ठसठशीत.

चावण्याच्या जागी त्याला एक कार्ड दिलं,
पिवळं, लॅमिनेट केलेलं : पुरे.
कार्ड हातात आलं की थांबायचं.
"एवढं एकच कर, राजा" नाही,
काही नाही.
पहिल्या दिवशी त्यानं ते सव्वीस वेळा दिलं.
सव्वीस वेळा मी थांबले.
सत्ताविसाव्यांदा कार्ड मुठीतच ठेवून
त्यानं ठोकळा उचलला.

गुरुवारी रात्री वैजयंताचा फोन.
स्वारगेटला बस खच्चून भरलेली,
कंडक्टर पत्र्यावर थापा मारतोय,
ओजसनं खिशातून कार्ड काढून त्याच्या हातात दिलं.
"त्यानं उलटसुलट करून बघितलं हो, पास समजून.
म्हणाला, हा कुठला पास काढलाय?"
"मग?"
"मग काय. थाप मारलीच त्यानं पुढच्या स्टॉपला.
पण हा चावला नाही, मॅडम.
हात पुढे करून उभा राहिला,
कार्ड परत मिळेपर्यंत,
पार पद्मावतीपर्यंत."
आणि मग ती हसायला लागली,
मला वाटतं हसायलाच.

मी त्याला शिकवलं होतं की पुरे म्हटलं की जग थांबतं.
थांबत नाही, हे शिकवायचं राहिलं होतं.
ते बस क्रमांक कुठल्याशा गाडीनं
एका फेरीत शिकवलं,
वडीशिवाय.

आज साडेतीनला मी चप्पल काढली,
त्याच्या शेजारी उभी राहिले.
थोडा वेळ नुसतीच गार फरशी.
मग टाचेतून काहीतरी वर आलं.
"ज्वारी?" मी विचारलं.
त्यानं माझ्या कानातल्याकडे बघितलं
आणि पिवळं कार्ड
माझ्या हातात ठेवलं.

मी गप्प झाले.
खाली ते काय दळत होते
मला अजून माहीत नाही.