काहीच झालं नाही

उजगरे सर आधी नऊ नंबर होते.
खडकीच्या त्या मैदानावर गवत फक्त कॉर्नरला उगवायचं,
बाकी सगळा मुरूम.
त्यांच्या गुडघ्यात अजून दोन काळे खडे आहेत,
कातडीच्या आत, बोटाने सरकवून दाखवतात.

मग दम कमी पडला, तर मिडफिल्डला घेतलं.
गुडघा गेला, तर स्टॉपर.
फॅक्टरीत रात्रपाळी लागली, झोपेतून थेट मॅचला यायचे,
तर सगळ्यांच्या मागे, एकटे, स्वीपर.
"दर दोन वर्षांनी पंधरा पावलं मागे," ते सांगायचे,
"एकदा आणखी एक घेतलं, तर रेषेबाहेर आलो.
तिथे प्लास्टिकची खुर्ची होती. बसलो."

आम्ही चौघं त्यांच्या हाती लागलो
तेव्हा आम्हा सगळ्यांनाच गोल मारायचा होता.
त्यांनी क्वार्टरच्या गॅलरीतून कपडे वाळत घालायची दोरी आणली,
चौघांच्या कमरा बांधल्या, मधे आठ-आठ हात,
आणि म्हणाले, चला. डावीकडे. आता आत. आता मागे.
इरफान एकटाच पुढे धावला की मी तोंडावर,
मी रेंगाळलो की सेल्वम उताणा.
दोरीला एक चिमटा तसाच राहिला होता, निळा,
महिनाभर माझ्या बरगडीला टोचत होता.

बॉल आम्ही तिसऱ्या आठवड्यात पाहिला.

ते ओरडायचे नाहीत. नुसतं "सरक" म्हणायचे,
शेजारच्याला बाकावर जागा मागावी तसं.
"पाय थापा मारतात, डोळे तर मारतातच,
तू त्याची कंबर बघ. आणि पडू नकोस.
पडलेला माणूस कोणाच्या वाटेत नसतो."

फायनलला, शेवटच्या चार मिनिटांत,
मी पडलो.
शिट्टी. पेनल्टी. दापोडीकडून ढोल.
सर खुर्चीतून उठले, खुर्ची घडी घालायची नव्हती,
तरी घडी घालायचा प्रयत्न करत राहिले.

परवा बोपोडीला त्यांच्या घरी गेलो, बावीस वर्षांनी.
मार्थाकाकूंनी एक वही पुढे केली,
"रोज रात्री लिहायचे. मला वाटायचं, दुधाचा हिशेब."

१४ जानेवारी. सेल्वम. नुसता उभा राहिला. काहीच झालं नाही.
२ फेब्रुवारी. इरफान, दोनदा सरकला. काहीच झालं नाही.
२० फेब्रुवारी. चौघे. पाऊण तास. काहीच झालं नाही. शाब्बास.

पानंच्या पानं. कुठल्याच पेपरात न आलेले गोल,
तारीखवार.
मी फायनलचं पान शोधलं. हात जरा ओला होता.
धनेश पडला. पेनल्टी.
खाली, दुसऱ्या पेनाने:
दोरी मी लवकर सोडली.

मी वही मिटली. म्हटलं, सर, ते तसं नव्हतं.
ते आत, ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून,
गुडघे जरासे वाकवून उभे.
दूध वर येत होतं.
अगदी काठाशी आलं तेव्हा
त्यांनी आच कमी केली.